रोह्याच्या माउलीची साडी

"मान डोलवू नको गो. तोंडानं हो म्हण. मान काय, कोनीबी डोलवतो."

गिरजाबाईंना जाऊन वर्ष होत आलं, तरी हे शब्द नमिताच्या कानातून हलायला तयार नव्हते. धरमतरच्या खाडीकाठी, मिठागरांच्या बांधांवर वाढलेली बाई ती. आयुष्यभर तिला हळू बोलणं कसं ते ठाऊक नव्हतं. पण त्या दुपारी पेणच्या घरात पलंगावर पडल्या पडल्या तिनं आधी लेकीला दार लोटून घ्यायला लावलं होतं, ट्रंक उघडायला लावली होती आणि जुन्या चादरीखालून एक कोरी हिरवीगार नऊवारी काढायला लावली होती.

"ही रोह्याच्या माउलीची," ती म्हणाली होती. "किमया दोन वर्साची होती, छाती भरलेली, तवा मी बोलले तिला. पोर उठली तर साडी देईन नि ओटी भरीन तुजी. पोर उठली. मी गेलेच नाय. तुज्या भावाला भ्याले, पाळकांना भ्याले. आता तू जाशील?"

नमितानं मान डोलावली होती, आणि मग आईच्या सांगण्यावरून तोंडानं 'हो' म्हटलं होतं. चारच दिवसांनी गिरजाबाई गेल्या.

आता हे बाहेरच्याला साधं वाटेल. आईचा नवस, लेकीनं फेडावा, त्यात काय एवढं? पण नमिताचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, आणि तेही प्रॉटेस्टंट. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मूर्ती नाही, मेणबत्ती नाही, नवस तर नाहीच. रोह्याची माउली होती कॅथलिक सिस्टरांच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात. निकेश, म्हणजे नमिताचा नवरा, तेव्हा रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला होता आणि किमयाला निमोनिया झाला म्हणून त्या दवाखान्यात आठ दिवस ठेवलं होतं. आजी व्हरांड्यात बसून असायची. तिथंच हे सगळं झालं, आणि ते तिनं सात वर्षं पोटात ठेवलं.

नमिता पेणच्या मंडळीत रविवारच्या शाळेची शिक्षिका. मोठ्यानं बोलणं तिच्या स्वभावात नाही, पण नेमाची पक्की. सकाळी चहा घशाखाली जायच्या आधी शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, एक अध्याय, बुधवारी दुपारपर्यंत उपास, निजताना घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन प्रार्थना. एवढे नेम सांभाळणाऱ्या बाईनं एक साडी मात्र वर्षभर ट्रंकेतच ठेवली. आज जाऊ, उद्या जाऊ. पावसाळा होऊ दे, नाताळ होऊ दे.

नाताळ झाला, आणि साडी प्रविणच्या हाती लागली.

प्रविण तिचा थोरला भाऊ. रोह्यालाच राहतो, आणि गेली दहा-बारा वर्षं तिथल्या एका प्रार्थना संगतीत आहे. ही संगत म्हणजे भाड्याचा हॉल, ढोलक, तास तास चालणारी प्रार्थना. फेब्रुवारीत आईची वर्षाची स्मरणसभा करायची, तिचा एखादा चांगला फोटो हवा, म्हणून तो पेणला आला आणि ट्रंक उपसत बसला.

"ही कोणाची गो? आई तर बाबा गेल्यापासून हिरवं नेसली नाय."

खोटं बोलायची सवय नाही. नमितानं नवसाचं सांगून टाकलं. आपण काय कबूल केलं, तेवढं सांगायचं राहिलं. राहिलं की राहू दिलं, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

प्रविणनं साडी हातातून खाली ठेवली. "आईनं? मूर्तीला? ओटी?"

"पोर आजारी होती दादा."

"पोर मीही उपास करून मागितली होती प्रभूकडं! नमे, तू शिकवतेस ना पोरांना? मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढ. प्रभू काय म्हणतो? शपथाच घेऊ नका. थोड्या घ्या, बघून घ्या, असं नाय म्हणत. घेऊच नका. हो तर हो, नाय तर नाय, त्याच्यावर जे काही, ते त्या दुष्टाकडून. आमच्या संगतीतला एक भाऊ कोर्टात साक्षीला उभा राहिला तर शपथसुद्धा घेतली नाय त्यानं. खरं तेच सांगतो, एवढंच म्हणाला."

"मग आता ह्याचं काय करायचं?"

"जे दुष्टाकडून आलं ते बांधत नाय. प्रार्थना करून तोडायचं, नि ही जाळून टाकायची."

"साडीनं काय केलंय?" आतून निकेश म्हणाला. रात्रपाळी करून आलेला, डोळे मिटूनच. "कोरी साडी कसली जाळताय?"

"भावोजी, तुम्ही झोपा." प्रविण उठला. चपला घालता घालता बहिणीकडे न बघता म्हणाला, "ही साडी हाय तवर मी स्मरणसभेला येणार नाय. आई माझीपण होती."

तो गेला, आणि नमिता साडी मांडीवर घेऊन बसली. दादाचं म्हणणं खोटं म्हणावं तर शब्द शास्त्रातलेच. खरं मानावं तर आई दुष्टाचं ऐकून व्हरांड्यात बसली होती असं मानायचं. तिला आईचे ते आठ दिवस आठवले. नर्सनं हाकललं तरी उठायची नाही. हे दुष्टाचं काम?

संध्याकाळी ती पाळकांकडे गेली. मंडळीचे धर्मगुरू रेव्हरंड पुंडलिक, पण त्यांना सगळं पेण पाळकसाहेबच म्हणतं. वय झालेलं, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांच्यापुढेही तिनं विषय मांडला तो असाच: आईनं नवस केला होता, तो राहिला, आता काय?

पाळकसाहेब रागावले नाहीत. ते कधी रागवत नसत, आणि त्यामुळे त्यांच्यापुढे जास्तच अवघडायला व्हायचं.

"प्रविण पाचव्या अध्यायातलं एक वाक्य धरतो आणि पळत सुटतो," ते म्हणाले. "त्या वेळची रीत बघायला नको? देवाचं नाव घेऊन शपथ घेतली तर पाळावी लागे. म्हणून लोक शहाणे झाले. कुणी स्वर्गाची घ्यायचा, कुणी यरुशलेमची, कुणी स्वतःच्या डोक्याची. मग म्हणायचे, मी कुठं देवाचं नाव घेतलं? सुटलो! प्रभूनं त्या पळवाटा बुजवल्या. उतारा खोटेपणाविरुद्ध आहे. कोर्टात शपथ घ्यायला आपल्या वडीलमंडळींनी कधी मनाई केली नाही."

"मग नवस चालतो?"

"नवस कसा चालेल बाळ? नवस म्हणजे सौदा. तू हे दे, मी ते देते. कृपेचा सौदा होत नाही, ती फुकट असते. आणि तोही प्रभूच्या आईला, मरियेला! किमया बरी झाली ती देवाच्या कृपेनं. साडीचं वचन हवेत गेलं, असं समज. तू निश्चिंत राहा." मग चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत ते म्हणाले, "फक्त ते ओटीबिटीचं तिकडे करायला जाऊ नकोस. पोरांना शिकवतेस तू. लोक मला विचारतील."

निश्चिंत राहायला सांगितलेलं माणूस घरी येताना जसं चालतं तशी ती चालली नव्हती. दादा म्हणतो नवस दुष्टाकडून, म्हणून बांधत नाही. पाळकसाहेब म्हणतात नवस पोकळ, म्हणून बांधत नाही. वाक्य तेच, कारणं उलटी, आणि येऊन पोचतात एकाच ठिकाणी. मग आपल्याला हलकं का वाटत नाही?

शेजारच्या गोदूबाईंनी तिचा चेहरा कुंपणावरूनच वाचला. गोदूबाई गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला. बारा महिने नखांत सोनेरी रंग. त्यांना थोडक्यात सांगितलं तर त्या कमरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या.

"आईचा नवस लेकीनं नाय फेडायचा तर काय मी फेडू? त्यात पाळकाला काय इचारायचा?"

"आमच्यात नवस नसतो हो."

"नसतो काय, झाला की! तुमच्यात देव एक, नि भानगडी किती गो!"

नमिताला हसूही आलं आणि धसकाही बसला. शास्त्र जाणणारे दोघं जाऊ नको म्हणतात, आणि जा म्हणणारी एकटी कोण, तर गोदूबाई. हे कुणाला सांगायची सोय होती का?

एक दार राहिलं होतं. ज्यांच्याकडचा नवस, त्यांनाच विचारावं. शनिवारी किमयाला शाळेत सोडून तिनं रोह्याची एसटी पकडली. साडी नेली नाही. नुसतं विचारायचं होतं. गडब गावाजवळ गाडी बराच वेळ रस्त्याच्या कामात अडकली, तेव्हा परत फिरावंसं वाटलं, पण मधेच उतरून परतीची गाडी बघण्यापेक्षा पुढे जाणं सोपं होतं.

दवाखाना तसाच होता. सिस्टर ब्रिजिता मूळच्या वसईच्या, साठी उलटलेल्या, तरतरीत. त्यांनी गिरजाबाईंना ओळखलं. "ती मोठ्या आवाजाची आजी? पेशंट झोपलेत म्हणून मी दिवसातून चारदा सांगायचे!" मग सगळं ऐकून घेऊन त्या व्हरांड्यातल्या बाकावर तिच्या शेजारी बसल्या.

"शपथ वेगळी आणि नवस वेगळा," त्या म्हणाल्या. "शपथेत माणूस दुसऱ्या माणसापुढे देवाला साक्षीला ओढतो. ऊठसूट देवाला ओढू नका, असं येशू सांगतो. नवसात माणूस देवालाच काहीतरी कबूल करतो. त्याला तो उतारा लागू नाही, असं आम्ही मानतो. लागू असता तर माझी पंचाईत होती. सिस्टर होताना मी स्वतःच तीन केलेत, आणि चाळीस वर्षं पाळतेय."

"म्हणजे आईचा नवस खरा?"

"खरा. अगदी खरा."

नमिता बाकावर पुढे सरकली.

"पण तो तिचा," सिस्टर पुढे म्हणाल्या. "असा नवस ज्यानं केला त्यालाच बांधतो. आमच्या चर्चचा नियमच आहे तसा. आई गेली, नवस तिच्याबरोबर गेला. तुम्ही मोकळ्या आहात."

पुन्हा मोकळी! नमिताला वाटलं, या जगात आपल्याला अडवणारं कुणीच नाही का? तिनं विषय बदलावा म्हणून विचारलं, "ती माउली अजून आहे ना? आई म्हणायची, तिच्या कडेवर पोर हाय, तिला माजं कळंल."

"कुठली माउली?"

"इथली. व्हरांड्यातली."

सिस्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग व्हरांड्याच्या टोकाला कोनाड्यात उभ्या असलेल्या मूर्तीकडे. रंग उडालेला. पायघोळ तपकिरी झगा, मागे पदरासारखी पडलेली टोपी, हातावर गोरंगोमटं बाळ. उजेड मागच्या खिडकीतून येत होता, त्यामुळे चेहरा धड दिसत नव्हता, आणि गिरजाबाईंच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता.

"अहो, ती माउली नव्हे," सिस्टर ब्रिजिता म्हणाल्या आणि तोंडावर हात धरून हसायला लागल्या. "ते संत अंतोनी! बाप्या माणूस! हातावर आहे तो बाळ येशू."

नमिता उठून जवळ गेली. टाळूवरचे केस काढलेले, भोवती गोल झालर. जवळून बघितल्यावर चुकायला जागाच नव्हती. पण ज्या घरात तीन पिढ्यांत एक मूर्ती आली नाही, त्या घरातल्या बाईला संत कसे ओळखू यावेत? पोर कडेवर म्हणजे आई. एवढाच हिशेब गिरजाबाईंनी केला, आणि एका संन्याशाला हिरवी नऊवारी कबूल करून बसल्या.

"रागावू नका," सिस्टर डोळे पुसत म्हणाल्या. "नवस शेवटी देवालाच असतो, संत आपले सोबतीला. इथं कोण उभं आहे ह्यावाचून देवाचं काही अडलं नसेल."

"आणि साडी आणलीच तर?"

"अंतोनीच्या नावानं आलेली भाकर आम्ही गरिबाला देतो, जुनी रीत आहे. साडी आली तर कुणा बाईच्या अंगावर जाईल. पण मी आणा म्हणणार नाही हं. उगाच तुमच्या मंडळीत भांडण नको."

परतीच्या गाडीत नमिताला एकदा हसू फुटलं आणि शेजारची बाई तिच्याकडे बघायला लागली, तेव्हा ते हसू रडण्याकडे वळलं. आई गेली ती एका माउलीच्या भरवशावर, आणि तिथं माउली नव्हतीच. मग तिचं ऐकलं कुणी? दादाच्या उपासानं पोर उठली, की पाळकसाहेबांच्या कृपेनं, की अंतोनीच्या? की ह्यांतल्या कुणालाच माहीत नाही?

गोदूबाईंना मात्र अजिबात गोंधळ झाला नाही. "मग काय झाला? साडीचा शेला कर त्याला! आम्ही गणपतीला पितांबर नेसवतो, बाप्याला हिरवा रंग झकास दिसतो. फक्त निऱ्या काढू नको."

"गोदूबाई!"

"बरं बाई, नाय बोलत."

दुसऱ्या दिवशी रविवार. वर्गात कुठला पाठ आहे ते बघायला ती पहाटे पुस्तक उघडून बसली, आणि समोर डोंगरावरचं प्रवचन, तोच मत्तयाचा पाचवा अध्याय. ठरवून आलेलं नव्हतं. महिन्याच्या वेळापत्रकातच ते होतं. चहा अजून व्हायचा होता. तिनं अध्याय सावकाश वाचला. शपथेचा उतारा आला. दादाचा आवाज आला, पाळकसाहेबांचा आला, सिस्टरांचा आला. तिघेही शहाणे, तिघेही आपापल्या जागी सच्चे. ती पुन्हा वरून वाचायला लागली.

कुणी स्वर्गाची घ्यायचा, कुणी यरुशलेमची. सुटायला दारं शोधायचे लोक.

तिचं बोट ओळीवरच थांबलं. आपण तरी आठवडाभर काय केलं? प्रत्येक दारात जाऊन विचारलं ते आईच्या नवसाबद्दल. नवस चालतो का, नवस बांधतो का, मरियेला चालतो का. तिघांनी आपापल्या श्रद्धेप्रमाणे उत्तर दिलं आणि तिघांनी सोडवलं. पण आपण स्वतः काय बोललो होतो, ते एकालाही सांगितलं नाही. दादाला नाही, पाळकसाहेबांना नाही, सिस्टरांना नाही. नवसाचं काय व्हायचं ते होवो. तो आईचा आणि देवाचा मामला. आपण नवस केलाच नव्हता. आपण शपथही घेतली नव्हती. नुसतं 'हो' म्हटलं होतं. आणि उताऱ्यातल्या 'हो तर हो' एवढ्यापुरतं तरी तिन्ही मतांचं काही वेगळं म्हणणं असेल, असं तिला वाटेना.

तरी मन साफ झालं म्हणावं, तर तसंही नव्हतं. ओटी भरणं आपल्या श्रद्धेत बसत नाही, हे तिला पटत होतंच. मूर्तीपुढे हात जोडणं तिला जमणार नव्हतं. आईला कबूल केलं ते माउलीकडे जायचं, आणि माउली तर तिथं नाही. मग 'हो' पाळायचं ते कुणापाशी?

त्या दिवशी वर्गात तिनं पोरांना तो पाठ शिकवला नाही. त्यांना गाणी म्हणायला लावली.

उपासना संपल्यावर ती पाळकसाहेबांसाठी मागे थांबली. "मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि उरलेलं सांगितलं.

पाळकसाहेबांनी चष्मा चढवला, उतरवला. "म्हणजे तू वचन दिलंस."

"हो."

"पण कशाचं वचन, हेही बघायला हवं ना. चुकीच्या गोष्टीचं वचन..." ते बोलता बोलता थांबले. "आईला दिलेलं," ते स्वतःशीच म्हणाले. मग म्हणाले, "नमिता, मी जा म्हणणार नाही. मला ते म्हणताच येणार नाही."

"तुमच्याकडे परवानगी मागायला नाही आले. तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आले."

"तू वर्ग घ्यावास की नाही, ते मात्र मंडळीपुढे ठेवावं लागेल मला."

"ठेवा. वर्गाच्या किल्ल्या आत्ताच देऊ का?"

"असू देत," ते म्हणाले. "असू देत तूर्त."

प्रविणला तिनं संध्याकाळी फोन केला. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं.

"दादा?"

"जाळायला सांगितली होती मी."

"मी आईला हो म्हटलंय."

"मला आधी का नाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू जा म्हणाला असतास?"

"नाय," प्रविण म्हणाला. मग त्याच आवाजात म्हणाला, "आजही म्हणत नाय. स्मरणसभेला माझी वाट बघू नको." आणि फोन ठेवला.

ती रडली. निकेश शेजारी येऊन बसला. मग त्यानं एवढंच विचारलं, "मी येऊ बरोबर?" तिनं नको म्हटलं. किमयाचा डबा करायचा होता, तिला शाळेत पोचवायचं होतं. ते त्यानं बघावं.

सोमवारी तिनं अध्याय वाचला, पण चहा घेतला नाही. ट्रंक उघडून साडी काढली. कापडी पिशवीत आधी साडी ठेवली, वर खण, मग एक नारळ. तांदळाच्या डब्यात हात घातला आणि तसाच राहू दिला. तांदूळ घातले की ती ओटी झाली, नाही घातले तर आईनं सांगितलेलं अर्धं राहिलं. हळदकुंकू तर घरात नव्हतंच. शेवटी तिनं ओंजळभर तांदूळ कागदात बांधले आणि पिशवीच्या तळाशी सरकवले. त्याला काय म्हणायचं, ते तिला ठरवता आलं नाही.

तिथं जाऊन ती काय करणार होती? कोनाड्यासमोर ठेवणार, की सिस्टरांच्या हातात देणार, की वॉर्डात कुणाच्या उशाशी बसलेली एखादी म्हातारी बघून तिच्या मांडीवर? मनात तिन्ही गोष्टी येत होत्या आणि तिन्हींवर शंका. प्रार्थना कुठली करावी हेही सुचेना, म्हणून तिनं नुसती नावं घेतली. आईचं घेतलं, किमयाचं घेतलं, दादाचं दोनदा घेतलं.

किमया अजून झोपेत होती. नमितानं तिचं पांघरूण सारखं केलं, पिशवी खांद्याला लावली, बाहेर येऊन फाटकाची कडी आवाज न करता सरकवली, आणि एसटी स्टँडच्या रस्त्याला लागली.